वहिनी, इथे फक्त सही करा

(महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या बचत गटांच्या बायकांसाठी महाडला एक दिवसाचं शिबिर झालं. त्यात दुपारच्या सत्रात केलेलं हे भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



जेवण झालंय, बाहेर ऊन आहे, आणि मला विषय दिलाय कर्जाचा. मघाशी जेवताना दोघी-तिघी म्हणाल्या, 'ताई, कर्जाचं आम्हाला नको शिकवू, आमच्या गटाचा एक हप्ता चुकलेला नाही.' ते खरंच आहे. गटाचं कर्ज बायकांना छान कळतं. कुणी किती घेतले, कशासाठी घेतले, कुणाचं मागे राहिलंय, सगळं तोंडपाठ असतं. मी बोलणार आहे ते घराच्या कर्जाबद्दल. ते दहा-पंधरा लाखांचं असतं, वीस वर्षं चालतं, आणि त्याची बोलणी बहुतेक वेळा आपण चहा टाकायला आत गेलेल्या असताना होतात.

ही बोलणी करायला जो घरी येतो तो एजंट. आपल्याकडे त्याला 'लोनवाला' म्हणतात. हातात पिशवी, दोन मोबाइल, आणि बोलायला गोड. नवऱ्याशी तो तासभर बोलतो. मग आपण बाहेर आलो की कागदांचा गठ्ठा पुढे करतो आणि म्हणतो, 'वहिनी, इथे फक्त सही करा. आणि इथे. आणि इथे.' गेल्या काही वर्षांत आमच्या सल्ला केंद्रात या 'फक्त सही'च्या तक्रारी वाढल्या, म्हणून आज हा विषय घेतला.

आधी हे पाहू या की आपल्या भागात या लोनवाल्याचं इतकं चालतं का. एक तर घराची निकड. २४ ऑगस्ट २०२० ला महाडच्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन इमारत कोसळली, १६ माणसं गेली. तेव्हापासून जुन्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या बाईला रात्री झोप लागत नाही. पुढच्याच वर्षी २२ जुलैला सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तळमजल्यावरच्या घरांत होतं नव्हतं ते गेलं. त्याच दिवशी तळीयेत दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गाडली गेली. पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही तेच झालं. डोंगराखालच्या वाड्यांमधल्या बायका तेव्हापासून एकच बोलतात, 'मुलांना घेऊन खाली यायचं.' त्यात शाळा-कॉलेज आलं. नवरा मुंबईला, सासू गावाला, आणि ही मुलांना घेऊन महाडला एका खोलीत, असं निम्म्या घरांचं चित्र आहे. तीन-चार हजार भाडं भरण्यापेक्षा स्वतःचं घर घ्यावं, असं वाटणं अगदी साहजिक आहे.

दुसरं कारण कागद. गावच्या घरावर कर्ज मागायला गेलं की बँक विचारते, मालकीचा पुरावा काय? आपल्याकडे असतो ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ. तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा म्हणून बँक तो धरत नाही. सातबारा पाहावा तर त्यावर पणजोबांपासूनची वीस-पंचवीस नावं, सगळं सामाईक. हा खोतीचा मुलूख. बाबासाहेबांनी १९३७ साली खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं, आणि जमिनीचे कागद अजूनही पुरते सुटे झालेले नाहीत. २०२० पासून ड्रोनने गावठाणं मोजून घराच्या सनदा देण्याची स्वामित्व योजना आली आहे. ज्यांना सनद मिळाली त्यांचं काम सोपं झालं. बाकीच्यांना कागद कळणारा माणूस लागतो, आणि असा माणूस दारात येऊन उभा राहिला की तो देवच वाटतो.

तिसरं कारण आपल्या मिळकतीचं. खानावळ चालवणारी, शिलाई करणारी, एमआयडीसीत ठेकेदाराकडे पॅकिंगला जाणारी, हिच्याकडे पगाराची स्लिप नाही. मोठ्या बँकेत पायरी चढायची भीती वाटते. कुणी रागावत नाही, पण 'आयटी रिटर्न आहेत का' एवढं एकच वाक्य पुरतं. मग लोनवाला म्हणतो, 'स्लिप नसली तरी मी करून देतो.' आणि देतोही. फक्त कुठल्या कंपनीतून, किती व्याजाने, ते नंतर कळतं.

लोनवाला वाईटच असतो असं मी म्हणत नाही. चांगले एजंट आहेत, कागद जमवायला खरोखर मदत करतात. पण एक गोष्ट आधी नीट समजून घ्या. एजंटला मेहनताना देते ती बँक किंवा कर्ज देणारी कंपनी. जेवढं कर्ज मोठं तेवढं त्याचं कमिशन मोठं, आणि जी कंपनी जास्त कमिशन देते तिच्याकडे आपली फाईल जाण्याची शक्यता जास्त. आपल्याला स्वस्त पडेल ते कर्ज शोधण्याचे पैसे त्याला कुणीच देत नाही. 'वहिनी, तुमच्यासाठी धावतोय' असं तो म्हणतो तेव्हा धावतो खरा, पण कुणाच्या पैशावर, हे आपल्याला माहीत असावं.

आता एका बाईची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतलीय, नाव आणि गाव सांगणार नाही. ती पोलादपूर तालुक्यातली. नवरा मुंबईला गाडी चालवतो. ती दोन मुलांना घेऊन महाडला राहते आणि डबे करते. २०२५ च्या उन्हाळ्यात तिने १६ लाखांचा एक लहान फ्लॅट पाहिला, दुसऱ्या मजल्यावरचा. पूर पाहिलेली बाई तळमजला घेत नाही. दागिने मोडून, दिराकडून उसने घेऊन सहा लाख उभे केले. दहा लाखांचं कर्ज हवं होतं. बिल्डरला एक लाख बयाणा दिला, ४५ दिवसांत बाकीची रक्कम द्यायची असं ठरलं.

लोनवाला नवऱ्याच्या ओळखीचा, त्यांच्याच खोऱ्यातला. त्याने तीन गोष्टी सांगितल्या. व्याज नऊ टक्के. सरकारची २ लाख ६७ हजारांची सबसिडी. आणि घर वहिनींच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट. 'फाईल चार्ज' म्हणून १५ हजार रोख घेतले. पावती मागितली तर म्हणाला, 'घरच्या माणसाकडे पावती मागता?'

तीन गोष्टींपैकी तिसरी खरी होती. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. आधी अशी अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता यायचं नाही, ती २०२३ मध्ये निघाली. तर १६ लाखांवर १६ हजार वाचले, आणि त्या १६ हजारांसाठी घर तिच्या नावावर झालं. एरवी झालं नसतं, हे ती स्वतःच हसत सांगते.

दुसरी गोष्ट साफ खोटी. २ लाख ६७ हजारांची ती सबसिडी कमी उत्पन्न गटासाठी मार्च २०२२ लाच बंद झाली होती. सप्टेंबर २०२४ पासून शहरी आवास योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात जास्तीत जास्त १ लाख ८० हजार मिळतात, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. त्याला अटी आहेत, आणि त्यातली आपल्याला अडवणारी अट ही, की नवरा, बायको आणि अविवाहित मुलं यांच्यापैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. आपल्याकडे गावचं घर बहुतेकांना असतंच. ते सासऱ्याच्या नावावर आहे की नवऱ्याच्या, सासरे असताना काय, गेल्यावर वारसनोंद झाली असेल तर काय, हे विचारल्याशिवाय सबसिडीचा शब्दसुद्धा काढू नये. तिच्या नवऱ्याच्या नावावर गावात घर होतं. एजंटने विचारलंच नव्हतं.

पहिल्या गोष्टीचं सांगते. पाच आठवडे फाईल एजंटच्या पिशवीतच होती. फोन केला की 'साहेब सुट्टीवर आहेत', 'सर्व्हर डाऊन आहे', 'उद्या नक्की.' मधल्या काळात त्याने तिची फाईल तीन कंपन्यांत टाकली. प्रत्येक ठिकाणी तिचं आणि नवऱ्याचं सिबिल तपासलं गेलं, आणि अशा तपासण्या एकामागून एक झाल्या की गुणांक खाली येतो. बयाण्याची मुदत संपत आली. बिल्डरने पंधरा दिवस वाढवून दिले, त्याचे दहा हजार वेगळे घेतले. शेवटच्या आठवड्यात एका गृहवित्त कंपनीचं कर्ज मंजूर झालं. दर बारा टक्के. तेव्हा ती नाही म्हणूच शकत नव्हती, एक लाख बुडाले असते. मला विचाराल तर या उशिरातच सगळी मेख आहे. मुदत संपत आली की बाईला वाचायला वेळ उरत नाही आणि दराबद्दल भांडायलाही वेळ उरत नाही.

सह्या झाल्या. पहिला हप्ता कापला गेला ११,४५१ रुपयांचा. नवऱ्याला वाटत होतं नऊ हजाराच्या आसपास बसेल. ती पासबुक घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, 'ताय, ह्यात कायतरी घोळ हाय.'

आम्ही हिशोब मांडला, तुम्हीही मांडून बघा. दहा लाख, वीस वर्षं, नऊ टक्के, हप्ता साधारण ८,९९७. तेच बारा टक्क्यांनी ११,०११. महिन्याला दोन हजारांचा फरक. वीस वर्षांत तो ४ लाख ८३ हजारांच्या वर जातो. म्हणजे जी सबसिडी मिळणारच नव्हती, तिच्या जवळजवळ दुप्पट रक्कम व्याजातच गेली. आणि हप्ता ११,०११ ऐवजी ११,४५१ का? कारण कर्ज दहा लाखांचं नव्हतंच, दहा लाख चाळीस हजारांचं होतं. वरचे चाळीस हजार विम्याचे. एजंटने सांगितलं होतं, 'विमा घ्यावाच लागतो, त्याशिवाय मंजूर होत नाही.' चाळीस हजारांचा विमा कर्जात घातला की बारा टक्क्यांनी वीस वर्षांत त्याचे एक लाख पाच हजारांहून जास्त भरावे लागतात. विमा घेणं वाईट नाही. नवरा गाडीवर असतो, तिला तो हवासाही वाटला असता. पण तिला विचारलं नव्हतं.

पुढे जे सापडलं ते ऐकून तुम्ही हसाल. कंपनीची सगळी पत्रं एका ई-मेलवर जात होती. तो ई-मेल एजंटने स्वतःच काढलेला, पासवर्ड त्याच्याकडेच. मंजुरीपत्र, विम्याची पॉलिसी, सगळं तिथे. घराची मालकीण ही, कर्जदार ही, आणि तिच्या नावाची टपालपेटी दुसऱ्याच्या खिशात.

आम्ही पहिलं काम केलं ते कंपनीच्या शाखेत जाऊन कागदांच्या प्रती मागण्याचं. तिने स्वतः अर्ज लिहिला, मराठीत. कर्जाच्या कराराची आणि त्यासोबतच्या सगळ्या कागदांची प्रत मिळणं हा कर्जदाराचा हक्क आहे, उपकार नाहीत. शाखेतला मुलगा म्हणाला, 'मॅडम, मिस्टरांना पाठवा.' तिने सांगितलं, 'घर माझ्या नावावर हाय.' मी तिच्या शेजारी उभी होते, मला एक शब्द बोलावा लागला नाही.

कागदांत एक फार महत्त्वाचा कागद होता. त्याला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' म्हणतात, मराठीत मुख्य तथ्य विवरण म्हणू. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून घरकर्जासह सगळ्या किरकोळ कर्जांना तो सक्तीचा केला आहे. त्यात कर्जाची रक्कम, व्याजदर, हप्ता, प्रोसेसिंग फी, विमा, वकिलाचा खर्च, सगळं धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात ते लिहावं लागतं. जो आकार या कागदात नाही तो नंतर कर्जदाराची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय लावता येत नाही. तो कागद कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत द्यायचा आणि समजावून सांगायचा, असा नियम आहे. वर, तो दिल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात, तोवर त्यातल्या अटी कंपनीला बदलता येत नाहीत. हिच्या फाईलमधलं विवरण इंग्रजीत होतं, आणि 'मला समजावून सांगितलं' या वाक्याखाली हिची सही होती. तारीख करारावर होती तीच.

तर तक्रार कुणाविरुद्ध करायची? तिच्या नवऱ्याचं म्हणणं, एजंटला गाठून दम देऊ. दिराचं म्हणणं, जाऊ दे, आपलाच माणूस आहे, गावात तोंड दाखवायचंय. आम्ही म्हटलं, तक्रार कंपनीविरुद्ध. एजंट नेमला म्हणून कंपनीची जबाबदारी संपत नाही. काम बाहेरून करून घेतलं तरी ग्राहकाशी कसं वागलं गेलं याला बँक किंवा कंपनीच जबाबदार, हे रिझर्व्ह बँकेचे नियम वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. एजंटशी भांडण हे गावातलं भांडण होतं, त्यात बाई हरते. कंपनीला पत्र दिलं की ते ग्राहकाचं काम होतं, त्याला आवक नंबर पडतो आणि उत्तर द्यावं लागतं.

तक्रारीत चार ओळी होत्या. दर काय सांगितला आणि काय लावला. विमा न विचारता घातला, तो रद्द करा. विवरण मराठीत दिलं नाही. एजंटने १५ हजार रोख घेतले. विम्याबद्दल माहीत असू द्या, की पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, २०२४ पासून ही मुदत ३० दिवसांची झाली. हिच्या हातात तर ती पडलीच नव्हती. आम्ही तो मुद्दा लावून धरला.

कंपनीचं पहिलं उत्तर आलं, 'सदर इसम आमचा प्रतिनिधी नाही.' दोन ओळींचं पत्र. पण तिने शाखेतून आणलेल्या अर्जाच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, एजंटचा कोड छापलेल्या चौकटीत भरलेला होता. कोड कंपनीनेच दिलेला. आम्ही त्या पानाची झेरॉक्स जोडून दुसरं पत्र दिलं, आणि महिन्यात उत्तर न आल्यास राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे जाऊ असं खाली लिहिलं.

शेवटी काय मिळालं? विमा रद्द झाला, चाळीस हजार कर्जातून वजा झाले. दर बारावरून अकरावर आला, हप्ता १०,३२२ वर. एजंटकडून दहा हजार परत आले, पाच बुडाले. सबसिडीचं नाव कुणी काढलं नाही. बिल्डरला दिलेले जादा दहा हजार गेले ते गेले. एजंटची आई तिच्या सासूकडे जाऊन बोलून आली, 'तुमच्या सुनेनं माझ्या पोराच्या पोटावर पाय दिला.' सासू दोन महिने सुनेशी बोलत नव्हती. हे सगळं मी मुद्दाम सांगते, कारण तक्रार करा म्हणणं सोपं असतं, आणि पाण्याच्या नळावर जे ऐकावं लागतं ते आपल्यालाच ऐकावं लागतं. तिच्या बाजूने गटातल्या सात जणी उभ्या राहिल्या, म्हणून ती टिकली. त्यातल्या दोघींची फाईल त्याच एजंटकडे होती.

आता तुमच्यातल्या काही जणी विचारतील, आमची तक्रार कुठे न्यायची. आधी ज्याने कर्ज दिलं त्याच्याकडे, लेखी, आणि पोच घ्यायची. महिनाभर थांबायचं. कर्ज बँकेचं असेल तर पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. २०२१ साली लोकपालाच्या वेगवेगळ्या योजना एकत्र केल्या, वकील लागत नाही, फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर लोकपाल ते घेत नाही, ती तक्रार राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे जाते. म्हणून आधी कागदावर पाहा की आपल्याला कर्ज देणारी बँक आहे की गृहवित्त कंपनी. एजंट दोन्हींना 'बँक'च म्हणतो. नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. तो आपला अलिबागला, जाऊन यायला दिवस जातो, पण तक्रार ऑनलाइनही दाखल होते, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. दोन वर्षांच्या आत करावी लागते. वकील हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, १९८७ चा कायदा तसं सांगतो. हे आपल्या बायकांना कुणी सांगत नाही.

एखाद्या लोनवाल्याने सगळीकडून नकार आल्यावर 'प्रायव्हेटमधून करून देतो' म्हटलं आणि घराचे कागद मागितले, तर तिथून उठा. परवान्याशिवाय सावकारी करणं २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे होते. आणि नकार आला असेल तर तोही लेखी मागा, कारणासकट. कारण कळल्याशिवाय दुरुस्ती कशी करणार? सिबिलचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो स्वतः काढा. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांना रेंज नसते हे मला ठाऊक आहे, बाजाराच्या दिवशी खाली आलात की काढा.

आणखी एका बाईबद्दल बोलायचं आहे, आणि तिथे मला जास्त काळजी वाटते. पहिल्या बाईचं नाव निदान घरावर होतं. ही दुसरी महाड शहरातली. नवऱ्याने फ्लॅट घेतला तेव्हा एजंट म्हणाला, 'वहिनींना को-ॲप्लिकंट घेऊ, मिळकत एकत्र धरली की जास्त लोन बसेल.' तिची अंगणवाडीतली नोकरी. तिने सह्या केल्या. तिला वाटलं घर दोघांचं झालं. तीन वर्षांनी नवरा दुसरीकडे राहायला गेला, हप्ते थांबले. तीन महिने हप्ता चुकला की कर्ज थकीत खात्यात जातं, मग २००२ च्या कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते. ती नोटीस तिच्या नावाने आली. कागद काढले तर कळलं, कर्जावर दोघांची नावं, खरेदीखतावर फक्त त्याचं.

सहकर्जदार म्हणजे सहमालक नव्हे. हे वाक्य मी पुन्हा म्हणते, कारण इथे बसलेल्यांपैकी किती जणींच्या घरी असं झालंय ते मला माहीत नाही. कर्जाच्या कागदावर सही केली की पूर्ण कर्जाची जबाबदारी येते, अर्ध्या नाही. मालकी मात्र खरेदीखतावर नाव असेल तरच. आणि जामीनदार म्हणून सही केली असेल तर मालकी मुळीच नाही आणि जबाबदारी कर्जदाराएवढीच. एजंट या तिन्हीला एकच शब्द वापरतो, 'नाव टाकू.' त्याला विचारा, कुठल्या कागदावर नाव टाकणार? विचारल्यावर राग आला तर येऊ दे.

या महाराष्ट्रात घरावर-जमिनीवर बायकोचं नाव लागावं म्हणून बायकांनी खूप खपून काम केलंय. १९९२ साली सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना शासनाने आणली, पुढे गावातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवण्याचा आदेश निघाला. नाव लागावं म्हणून आपल्याआधीच्या कार्यकर्त्या तलाठ्याच्या दारात बसल्या. आता नाव लागतं, कधी सबसिडीसाठी, कधी एक टक्क्यासाठी, कधी नुसतं कर्ज मोठं व्हावं म्हणून. पण कागद बाईच्या हातात येत नाहीत. मूळ कागद कर्ज देणाऱ्याकडे असतात, त्यांची यादी मागून घ्या. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत ते परत द्यायचे आणि उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, असा डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. २०२१ च्या पुरात ज्यांचे कागद भिजून लगदा झाले त्यांनी सब-रजिस्ट्रारकडून खरेदीखताची प्रमाणित प्रत काढून ठेवावी, अजून काढली नसेल तर.

त्या अंगणवाडीच्या ताईंचं अजून चालू आहे. नोटिशीला तिने मुदतीत लेखी हरकत दिली, कंपनीला त्याचं उत्तर द्यावं लागतं. कंपनीने ताबा घ्यायचं पाऊल उचललं तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. नवऱ्याविरुद्ध २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली घरात राहण्याचा आदेश मिळवला आहे. त्याने ती घराबाहेर पडणार नाही, पण कर्ज फिटत नाही. हप्ते कोण भरणार आणि भरणाऱ्याचं नाव घरावर लागणार का, यावर आता बोलणी चालू आहेत. आम्ही म्हणतोय, हप्ता ती भरणार असेल तर आधी बक्षीसपत्र नोंदवा. नवरा म्हणतो विचार करतो.

तर आता प्रश्न विचारा. ज्यांनी घरून कागद आणलेत त्यांनी इथे पुढे या. मागच्या टेबलावर तक्रारीच्या अर्जाचा मराठी नमुना ठेवला आहे. त्यात एजंटचं नाव लिहायची जागा आहे, पण सगळ्यात वर 'प्रति' पुढे कंपनीचं नाव लिहायचं, ते विसरू नका. आणि ज्यांच्या कर्जाची पत्रं कुठल्या ई-मेलवर जातात हे ठाऊक नाही, त्यांनी आजच हात वर करा. मोजून बघू.

(या वेळी बावीस हात वर झाले. त्यानंतर दीड तास प्रश्नोत्तरं चालली.)